कागदावरची बाळंतीण

पुडकं तसंच होतं. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, टॉवेलांच्या मागं, मे महिन्याच्या शेवटी ठेवलेलं, कोपराही न फाटलेलं. रोहिणीनं ते हातात घेतलं, उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. पॅडचं पुडकं ते, त्यात बघण्यासारखं काय असणार? पण या घरात ते एकाच माणसासाठी येतं. रोहिणीची गर्भपिशवी सव्विसाव्या वर्षीच काढून टाकलेली. आता एकतिसाव्या वर्षी महिना पालटला तर तिला तो फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरात पालटतो. म्हणजे पुडकं अंजूचं, तिच्या लेकीचं. अंजू पंधरा वर्षं चार महिन्यांची. आणि जून अख्खा गेला, जुलैचे सतरा दिवस गेले, पुडकं फुटलं नव्हतं. बाहेर कोपऱ्यावर कारखान्याची बस हॉर्न देत होती. बारामतीच्या या वस्तीतल्या बाया त्या बसनं शिवणकामाला जायच्या, रोहिणी तिथं सहा वर्षं शर्टांच्या कॉलरी शिवत होती. हॉर्न तीनदा वाजला. चौथ्यांदा वाजला नाही. बस गेली आणि रोहिणी पुडकं छातीशी धरून उभीच राहिली, जसं कुणी चोरीचा माल सापडल्यावर उभं राहतं, चोर कोण हे अजून ठरलेलं नसताना.

संशय हा तिचा जुना सोबती. नवऱ्याआधीचा नसेल, पण नवऱ्याइतका जुना नक्की. तो आता कामाला लागला. दीड महिना झाला, पोरगी डोळ्याला डोळा देत नाही. विचारलं तर ‘हं’. भिंतीकडं तोंड करून झोपते. मोबाईल पालथा ठेवते. मागच्या आठवड्यात कुणीतरी मोटरसायकलवरून कोपऱ्यापर्यंत सोडून गेलं. रोहिणीनं विचारलं, “कोण गं त्यो?” “सुयोग. मुलांच्या संघातला.” “म्हंजी कोण?” “म्हंजी सुयोग.” एवढंच. आणि त्याच्या आदल्या दिवशी, रोहिणी कणीक मळत असताना, मागून, काहीच संबंध नसताना: “आई, मी झाले तेव्हा तू केवढी होतीस?” रोहिणीचा हात थांबला नव्हता. तो थांबू द्यायचा नाही हे ती शिकली होती. “एकोणीस,” ती म्हणाली. पंधरा वर्षं ती हेच म्हणत आलीय. मंडईत एखादी भाजीवाली हसून म्हणते, “बहिणी-बहिणी जणू.” लोकांना ते कौतुक वाटतं. रोहिणीला त्या हसण्याखाली चाललेली वजाबाकी ऐकू येते. एकतिसातून पंधरा. बाई हसत असते आणि डोळ्यांच्या मागं बोटं मोजत असते. म्हणून रोहिणी आपलं वय पस्तीस सांगते. आधार कार्डावरही तेच आहे, सासूनं उभं राहून लिहून घेतलेलं. बाकीच्या बाया वय कमी सांगतात, ही वाढवून सांगते, आणि कारखान्यातल्या पोरी म्हणतात, रोहिणीताई कसली टिकलीय बघा.

टिकलीय. शिंक आली तर मांड्या आवळून धरते, हसू आलं तर आधी बसायला जागा शोधते, पण टिकलीय.

तिनं पुडकं पिशवीत टाकलं. का टाकलं ते तिलाही सांगता आलं नसतं. पुरावा म्हणून असेल. मैदानावर जायचं, खो-खोच्या सरांना विचारायचं, पोरगी सरावाला येते का. अंजू जिल्ह्याच्या सतरा वर्षांखालच्या संघात निवडली गेली होती. सरांनी जन्माचा दाखला मागितला होता, आणि रोहिणीनं सांगितलं होतं, हरवला. दाखला हरवला नव्हता. तो ट्रंकेत तळाशी होता, लग्नाच्या शालूखाली, आणि तिथंच राहायचा होता. पण मैदानापर्यंत जावंच लागलं नाही. एसटी स्टँडसमोरून जाताना तिला अंजू दिसली. ट्रॅकपँट, पाठीवर सॅक, कानाला मोबाईल, इंदापूरच्या गाडीच्या दारात. रोहिणी खांबाआड झाली, पदर तोंडावरून घेतला, आणि शब्द तेवढे कानावर आले: “व्हय, अकराला पोचते. तू तितंच थांब. आईला काय बोलले न्हाय.” तू. कोण तू? रोहिणी मागच्या बाजूनं, एका म्हातारीचं गाठोडं वर चढवायच्या निमित्तानं गाडीत शिरली आणि शेवटच्या बाकावर बसली. पुढं तिसऱ्या बाकावर पोरीची वेणी दिसत होती. घट्ट, खेळाडूची, खालच्या टोकाला लाल रबर.

गाडी पिंपळीवरून पुढं निघाली. दोन्ही बाजूंना ऊस, मधून कॅनॉल, पुन्हा ऊस. याच रस्त्यानं ती सोळा वर्षांपूर्वी नवरी होऊन गेली होती. माहेर लोणी भापकर, सासर निमगावच्या पुढं माळावरची वस्ती. नववीचा शेवटचा पेपर दिला, भूगोलाचा, आणि अठरा दिवसांनी हळद लागली. मांडवात जेवायला कोण नव्हतं? वर्गशिक्षक जेवले. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, त्यावर ‘शुभविवाह’ लिहून, अक्षर रोहिणीपेक्षा वाईट. नर्सबाई जेवल्या, त्यांनी जिलबी बांधून नेली. पोलीस पाटील जेवले. समद्यांनी मान डोलावली, पोरगी अंगानं भरलीय म्हणाले, आणि अक्षता टाकल्या. ज्याच्या त्याच्या हाताला थोडे थोडे तांदूळ लागले होते, म्हणून हात कुणाचाच नव्हता. हे तिला नंतर सुचलं, कॉलर शिवताना. मशीन चालू असलं की तिला असलं काहीबाही सुचायचं, आणि मग सुई कापडातून जाताना जरा जास्तच जोरात जायची. नागेश बावीसचा होता. दुधाच्या टँकरवर क्लीनर, आता ड्रायव्हर. मारायचा नाही. दारू प्यायचा नाही. पहिल्या रात्री ती रडली तेव्हा तोही घाबरला होता, आणि तरी थांबला नव्हता. तो वाईट असता तर बरं झालं असतं. वाईटाला शिव्या देता येतात. चांगल्या माणसाशेजारी सोळा वर्षं झोपून अंगात जो राग साठतो त्याला कुठं ठेवायचं?

आणि सासरा, जोतीराम. पूर्वी घरात मेंढरं होती, शंभरावर, आता शेत झालं, ऊस झाला, दारात दहा-बारा शेरडं राहिली तेवढी. दिवाळी झालेली. रोहिणीला पाचवा महिना. सासरा बोकडाच्या पोटाखालून गोणपाट घेऊन पाठीवर गाठ मारत होता आणि तिला दोरी धरायला लावली होती. तिनं विचारलं, “मामंजी, ह्येला फडकं कशाला?” “पाठी कवळ्या हायत अजून,” तो म्हणाला. पाठी म्हणजे शेरडांच्या लहान पोरी. “आत्ताच गाभ गेल्या तर पिल्लू बी जातं आन पाठ बी जाती. जनावराचं बी वय बघावं लागतं, पोरी.” त्यानं एका पाठीच्या पाठीवरून हात फिरवला. मायेनं. मग उठला, तिच्या पोटाकडं बघितलं, आणि म्हणाला, “लई वेळ उभी ऱ्हाऊ नको.” बस. एवढंच. त्याला त्यात काहीच दिसलं नाही. बोकडाला गोणपाट बांधायची अक्कल त्या घराला होती. पिढ्यान्‌पिढ्यांची होती. रोहिणी दोरी धरून उभी होती आणि ती कवळी पाठ तिच्याकडं बघत रवंथ करत होती.

पुढं अंजूनं मान वळवली. रोहिणीनं खिडकीकडं तोंड केलं. पोरगी मळमळल्यासारखी करतेय का? नाही, पाणी प्याली. का प्याली? आंबट काही खाल्लं का? रोहिणी तिच्या खांद्यांची रुंदी मोजत होती, मानेचा रंग बघत होती, आणि मध्येच तिला आपल्या डोळ्यांची शिसारी आली. हे भागूबाईचे डोळे. सासूचे. तीही अशीच बघायची, न्हाणीच्या दारातून, पोट दिसतं का. आणि भागूबाई आता अंजूकडंही बघू लागली होती. मेमध्ये दहावीचा निकाल लागला तेव्हा पेढा हातात घेऊनच म्हणाली, “दहावी झाली, आता बास. जागा चांगली हाय. साखरपुडा तेवढा करून ठिवू.” रोहिणी म्हणाली, लहान हाय. तर म्हातारीनं भरल्या घरात हात नाचवला. “तुला न्हाय का झाली एकोणिसाव्यात? काय झालं तुला? घोड्यावानी हायस.” घर हसलं. रोहिणीही हसली, मांड्या आवळून. एकोणीस हा आकडा म्हातारीनंच दिलेला, आणि आता ती स्वतःच त्यावर विश्वास ठेवायला लागली होती.

खरं तर आकडा आधी तेवीस होता. इंदापूरचा दवाखाना, पहिल्या मजल्यावरचा, जिन्यात फिनेलचा वास. सिस्टरनं विचारलं, नाव? रोहिणीनं तोंड उघडलं आणि भागूबाईनं तिचा दंड दाबला. “तानूबाई,” म्हातारी म्हणाली, “तानूबाई आबाजी.” ते थोरल्या जावेचं नाव. वय? “तेवीस.” रेशनकार्ड पुढं सरकवलं. सिस्टरनं कागदाकडं बघितलं, रोहिणीच्या तोंडाकडं बघितलं, पुन्हा कागदाकडं बघितलं, आणि लिहिलं. अंगठा घेतला, कारण तानूबाईला सही येत नाही. नववीत जिचं अक्षर वर्गात पहिलं होतं तिचा अंगठा निळ्या शाईत दाबला. मग एक दिवस आणि एक रात्र. “तानूबाई, जोर लाव. तानूबाई, ऐकू येत नाही का?” सिस्टर मांडीवर चापट मारायची आणि रोहिणी वाट बघायची की ती तानूबाई कोण आहे ती लावेल जोर, मग आपण सुटू. पोर फाडून बाहेर आलं. टाके चुकले का काय झालं कुणी सांगितलं नाही. घरी कागद आला: मुलगी, आई तानूबाई, बाप आबाजी. नागेशसुद्धा नव्हता त्यात. गावाला सगळं ठाऊक होतं. गावासाठी कागद नव्हताच.

आणि तानूबाईला मूल नव्हतं. लग्नाला सहा वर्षं, कूस कोरी. रोहिणीच्या संशयाचं मूळ तिथं होतं. जावेनं पोरीला काजळ लावलं तरी ही ते पुसून टाकायची. वाढदिवसाला डबा भरून लाडू पाठवायची. रोहिणी ते आधी स्वतः खाऊन बघायची. आबाजी चार वर्षांमागं गेला, हार्टनं, आणि त्यानंतर तानूबाई अंजूला फोन करायला लागली. “माझी अंजी कशी हाय?” माझी. कागद तिच्या बाजूनं होता. उद्या कोर्टात उभी राहिली तर रोहिणी कोण? चुलती. बारामतीत बिऱ्हाड केलं ते नागेशला वाटतं टँकरच्या सोयीसाठी.

इंदापूरला गाडी लागली. अंजू उतरली, रोहिणी वीस पावलं मागं. पोरगी भराभर चालत होती, रस्ता ठाऊक असल्यासारखी. कुणी शिकवला रस्ता? मग ती त्या गल्लीत वळली. रोहिणीच्या पायांना ती गल्ली तिच्याआधी ओळखू आली. दवाखान्याला आता निळी काच बसवलेली, बोर्ड नवा, जिना तोच. अंजू जिन्यापाशी थांबली. वर बघितलं. रोहिणीला वाटलं, संपलं. माझ्या पोटातनं जिथं आली तिथंच पाडायला आलीय. तिचा हात पिशवीत पुडक्यावर आवळला गेला. पण अंजूनं मोबाईल काढला, बोर्डाचा फोटो घेतला आणि पुढं निघाली, तहसीलच्या आवारात शिरली, आणि पत्र्याच्या शेडखाली, टायपिंगवाल्यांच्या रांगेत, बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या एका बाईपाशी जाऊन उभी राहिली. तानूबाई.

तू म्हणजे ही. पोरीनं आईला सोडून मोठ्याआईला बोलावलं, पोट निस्तरायला. रोहिणी धावली. किती वर्षांनी धावली, आणि धावताना जे व्हायचं ते झालं, परकर ओला झाला, तिला भान नव्हतं. तिनं अंजूचा दंड धरला. “कितवा महिना?”

अंजूला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिच्या तोंडावर जे आलं तो रागही नव्हता आणि हसूही नव्हतं.

“पाळी आलीय मला,” ती हळू म्हणाली. “जूनला आली. आज सकाळी पण आली.”

“पुडकं फोडलं न्हाईस.”

“संघाच्या मॅडमकडनं घेते.”

“घरात असताना?”

“घरातलं तुझं आहे. तू माझी कोण, हेच मला ठाऊक न्हाय. परक्या बाईचं कशाला घेऊ?” तिनं सॅकमधून कागद काढला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, चार घड्या. “शालूखाली होता. तू म्हणालीस हरवला. म्हणून शोधला. सरांनी वाचला आणि विचारलं, ही आई कोण? मी काय सांगू?”

रोहिणी जावेकडं वळली. “तूच भरवलंस ना तिला? पंधरा वरसं टपून बसलीस.”

तानूबाई जागची हलली नाही. पिशवीचे बंद तिनं बोटाला गुंडाळले आणि सोडले. “तिनं फोन करून इचारलं, मोठीआई, मी तुझी का? मी म्हनलं, न्हाय. माझं नाव हाय, पोर न्हाय. म्होरलं तुझ्या आईला इचार. तर म्हनली, ती खोटं सांगती. मग ह्या बाबाकडं लिवून द्याया आले, की मी हिची आई न्हाय. आनखी काय करू?” मग ती म्हणाली, “तू दवाखान्यात व्हतीस तवा मला धा दिस माडीवर कोंडलं व्हतं. गिरणीला जायचं न्हाय, पान्याला जायचं न्हाय. बाळतीन हिंडताना दिसली तर दवाखान्याची मानसं काय म्हनतील. कागदावर मी बाळतीन, आन त्याच घरात म्हातारी मला वांझ म्हनायची ती म्हनायचीच. तुला कुनी इचारलं न्हाय, रोहिणी. मला तरी कुनी इचारलं?”

रोहिणीला पंधरा वर्षांचे लाडू आठवले. आधी आपण चाखलेले. एकही कडू नव्हता.

टायपिंगवाला दीपक इतका वेळ स्क्रीनकडं बघण्याचं नाटक करत होता. आता तो खाकरला. “बसा ताई. असल्या केसा येत्यात. दोघींचं प्रतिज्ञापत्र करू. ह्या म्हंत्यात मी न्हाय, तुमी म्हना मी हाय. आधार द्या.” त्यानं कार्ड बघितलं, मनात हिशेब केला आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. “झ्याक. म्हंजी बाळंतपणाला तुमी एकोणीस. काय अडचण न्हाय.”

“हे बरोबर न्हाय,” रोहिणीच्या तोंडून गेलं.

“काय?”

“कार्डावरचं.”

दीपकनं कीबोर्डवरून हात काढले. इकडंतिकडं बघून आवाज उतरवला. “ताई, ऐका. एकोणीस लिवतो. समद्या एकोणीसच लिवत्यात. हितं एकोणिसाच्या आत कुनी बाळंत झालेलंच न्हाय, माझी फाईल बघा. कमी लिवलं तर ह्यो कागद हितंच ऱ्हाईल का, त्याची गॅरंटी मी घेत न्हाय. तिकडं गेला” — त्यानं हनुवटीनं भिंतीपलीकडच्या पोलीस ठाण्याकडं दाखवलं — “तर तुमचे मालक, सासू, समदे लायनीत. कशाला? पोरीला आईचं नाव पायजे ना? मिळतंय की.”

मिळत होतं. एका आकड्यात मिळत होतं, आणि तो आकडा कार्डावर छापलेला होता, तिनं नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहण्यात तिचा हात कुणी धरला नसता. तिच्या पिशवीत मोबाईल थरथरला. नागेश. कारखान्यातनं फोन गेला असेल, बाई आली नाही म्हणून. तो काळजीनंच विचारील, कुठंयस, जेवलीस का. तिनं मोबाईल थरथरू दिला. अंजू तिच्याकडं बघत होती. मंडईतल्या बाईसारखी, डोळ्यांच्या मागं मोजत. पोरीनं आधीच वजाबाकी केलीय, रोहिणीला वाटलं, तिला उत्तर नकोय, मी काय बोलते ते हवंय. एकोणीस म्हणाले तर कागद दुरुस्त होईल. आणि दिवाळीला भागूबाई हात नाचवील, काय झालं तुझ्या आईला? आणि पोरीला खरंच वाटेल, काही झालं नाही. पुडकं, मोटरसायकल, पालथा मोबाईल, सकाळपासून ती लेकीच्या पोटात काय शोधत होती? तिथं काही नव्हतं. होतं ते हिच्याच पोटात, पिशवी काढली तरी राहिलेलं.

“वय?” दीपकनं विचारलं. “बाळंतपणावेळचं?”

पंधरा वर्षांपूर्वी याच प्रश्नाला कुणीतरी दंड दाबला होता. तिनं दंडाकडं बघितलं. तिथं तिचाच हात होता.

“पंधरा,” रोहिणी म्हणाली.

दीपकनं पुन्हा कीबोर्डवर हात ठेवले. “अंकात लिवू का अक्षरात?”

“दोन्हीत. आन वय तेवीस कुनी सांगितलं, नाव कुनी सांगितलं, त्ये बी लिवा. भागूबाई जोतीराम. मी सांगते तसं लिवा.”

तानूबाईनं पदर तोंडाला लावला. कीबोर्ड वाजायला लागला, आधी अडखळत, मग सरळ. अंजू खो-खोत खोची वाट बघत बसतात तशी दोन पायांवर खाली बसली होती, हात जमिनीला टेकलेले. तिची नजर आईच्या साडीच्या ओल्या निऱ्यांवर गेली, तिथं थांबली.

“म्हंजी माझ्याएवढी,” ती म्हणाली.

“तुझ्यापरीस पाच महिन्यांनी मोठी.”

कागद छापून आला, अजून गरम. तानूबाईचा अंगठा घेतला, तिचा तिचाच. मग दीपकनं शाईचा डबा रोहिणीकडं सरकवला. तिनं तो मागं ढकलला, पेन मागून घेतला, आणि नाव लिहिलं. पूर्ण. वेलांटीपासून मात्रेपर्यंत, परीक्षेत लिहितात तसं, सावकाश. मोबाईल पुन्हा थरथरत होता. आता काय होईल तिला ठाऊक नव्हतं. दीपक कुणाला सांगेल, तानूबाई घरी जाऊन काय बोलेल, नागेश कसा बघेल. संशय कुठं गेला नव्हता, नुसता कूस बदलून बसला होता.

अंजू उठली, ट्रॅकपँटचे गुडघे झटकले आणि हात पुढं केला.

“पुडकं आणलंयस का?”

“आणलंय.”

“दे.”

तिनं ते तिथंच, टायपिंगवाल्याच्या टेबलाशी उभं राहून, दातानं फोडलं. दोन पॅड काढली. एक आपल्याकडं ठेवलं, एक आईच्या हातात दिलं, आणि आवाराच्या टोकाला बायकांची मोरी कुठंय ते विचारायला तानूबाईला पुढं घातलं.